वृत्तचितीचा उलगडा हाताने होऊ द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : अभियांत्रिकी आलेखनातील वृत्तचितीचे प्रक्षेप आणि घडण यांचे शिक्षण

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की मिनी ड्राफ्टर (रेघा आखायचे साधन) आणि शीटची नळी सांभाळत एसटीत उभी असलेली मुले दिसू लागतात. त्या नळीतल्या एकाच शीटबद्दल मला लिहायचे आहे. पदवी असो वा पदविका, इंजिनिअरिंग ग्राफिक्स या विषयात वृत्तचितीचे (सिलिंडरचे) प्रक्षेप, म्हणजे प्रतलावर उमटणारी तिची दृश्ये, तिचा तिरका छेद आणि तिच्या पृष्ठाची घडण हे प्रकरण येते. पृष्ठ सपाट उलगडून काढलेल्या ज्या आकृतीला शाळेत आपण घडण म्हणतो तिलाच महाविद्यालयात डेव्हलपमेंट म्हणतात. मी आधी चार वर्षे हवेच्या डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ, बनवणाऱ्या एका कारखान्यात आणि नंतर एकतीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीट मेटल वर्करच्या वर्गावर काढली. या सगळ्या काळात ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त शिकवले, ते हेच. म्हणून ते ज्या रीतीने शिकवले जात आहे ते पाहून मला वाईट वाटते आणि काळजीही वाटते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, पदविकेच्या पहिल्या वर्षात शिकणारा माझा नातू आपली शीट मला दाखवायला घेऊन आला. प्रश्न नेहमीचाच होता. ६० मि.मी. व्यासाची आणि १०० मि.मी. उंचीची वृत्तचिती तळावर उभी आहे, अक्षाला मध्यावर ४५ अंशांत छेदणाऱ्या प्रतलाने तिचा वरचा भाग कापून काढला आहे. उरलेल्या भागाचे प्लॅन (वरून दिसणारे दृश्य), एलेव्हेशन (समोरून दिसणारे दृश्य), छेदाचा खरा आकार आणि पृष्ठाची घडण काढा. त्याचे काम नीटनेटके होते. रेघा स्वच्छ होत्या, अक्षरे एकसारखी होती आणि शिक्षकांची सही होऊन पूर्ण गुण मिळाले होते. मी त्याला एकच प्रश्न विचारला की, डावीकडे काढलेले हे लंबवर्तुळ आणि उजवीकडे काढलेली ही लाट, यांचा एकमेकांशी संबंध काय? तो बराच वेळ शीटकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, लंबवर्तुळ हे ट्रू शेप आहे आणि लाट ही डेव्हलपमेंट आहे." ही दोन्ही नावे बरोबर होती. पण त्या दोन्ही आकृत्या म्हणजे कापलेल्या वृत्तचितीची एकच कड आहे, एकदा बंद वेटोळ्यासारखी आणि एकदा सरळ उलगडून ठेवलेली, आणि म्हणूनच लाटेची लांबी आणि लंबवर्तुळाचा परीघ तंतोतंत सारखे असतात, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती आणि त्याच्या हातालाही ती कधी कळलेली नव्हती.

दोष त्या मुलाचा नाही, आणि एखाद्या शिक्षकाचाही नाही. साठ-सत्तर मुलांच्या तुकडीला ठरलेल्या तासिकांत ठरलेल्या शीट पूर्ण करून द्यायच्या असतात, त्यामुळे कृती पायऱ्यापायऱ्यांनी फळ्यावर उतरते आणि फळ्यावरून शीटवर जाते. वर्तुळाचे बारा भाग करा, वर रेषा न्या, आडव्या रेषा काढा, बिंदू जोडा. या पायऱ्या चुकीच्या नाहीत. मात्र त्यांतली प्रत्येक पायरी का आहे, हे वस्तू हातात घेतल्याशिवाय समजत नाही, आणि हे प्रकरण कागदावर सुरू होऊन कागदावरच संपते. वृत्तचिती कधी उभी राहतच नाही.

मुळात अडचण कुठे आहे ते थोडे सविस्तर सांगतो. भारतीय मानकांप्रमाणे आपण प्रथम कोन पद्धत वापरतो, म्हणजे एलेव्हेशन वर आणि प्लॅन त्याच्या खाली. उभ्या वृत्तचितीचे प्लॅन वर्तुळ असते आणि एलेव्हेशन आयत असतो. इथपर्यंत सर्वांना जमते. तिरका छेद घेतला की मात्र गोंधळ सुरू होतो, कारण कापलेला तो पृष्ठभाग प्लॅनमध्ये वर्तुळच दिसतो, जणू काही कापलेच नाही. एलेव्हेशनमध्ये तो नुसती तिरकी रेघ दिसतो. आणि त्याचा खरा आकार, म्हणजे ६० मि.मी. लघुअक्षाचे आणि सुमारे ८४.९ मि.मी. दीर्घअक्षाचे लंबवर्तुळ, हा या दोन्ही दृश्यांत कुठेच दिसत नाही. वर्तुळ, रेघ आणि लंबवर्तुळ ही एकाच पृष्ठभागाची तीन रूपे आहेत. तिरक्या रेघेला काटकोनात पाहणारे तिसरे प्रतल घेतल्यावरच ते लंबवर्तुळ प्रकट होते, आणि त्याचा दीर्घअक्ष एलेव्हेशनमधल्या त्या तिरक्या रेघेच्या लांबीइतकाच असतो, कारण ती रेघ म्हणजे तोच अक्ष आहे. ज्याच्या हातात तिरका कापलेला बांबूचा तुकडा आहे, त्याला हे समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात. तोंड वर करून वरून पाहायचे, मग डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून कडेने पाहायचे, आणि मग कापाच्या तोंडासमोर डोळा आणायचा. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला तासभर सांगूनही ते शब्दच राहतात.

दुसरी जागा क्रमांकांची. तळाच्या वर्तुळावर बारा बिंदू घेतले की एलेव्हेशनमध्ये उभ्या रेषा सातच दिसतात, कारण २ आणि १२, ३ आणि ११ अशा पुढच्या-मागच्या जोड्या एकावर एक पडतात. घडणीवर मात्र त्याच रेषा तेरा होतात, कारण जिथे पत्रा जोडला जातो ती पहिली रेषा दोन्ही टोकांना पुन्हा येते. बारा बिंदू, सात रेषा आणि तेरा रेषा. हे पाठ करणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. कागदाच्या नळीवर पेन्सिलीने क्रमांक घालून ती सोडली, की पाठ करण्याची गरजच उरत नाही. वृत्तचितीच्या पृष्ठावरच्या या उभ्या रेषा, म्हणजे जनकरेषा, उभ्या प्रतलाला समांतर असल्यामुळे एलेव्हेशनमध्ये त्या खऱ्या लांबीच्या दिसतात, आणि म्हणून तिथूनच उंची उचलायची असते, हेही त्याच वेळी आपोआप कळते. वरच्या उदाहरणात सर्वांत आखूड रेषेपासून सुरुवात केली तर उंची २०, २४, ३५, ५०, ६५, ७६ आणि ८० मि.मी. अशा चढत जातात आणि त्याच क्रमाने उतरतात. या आकड्यांकडे नीट पाहिले तर कडांना चढ मंद आहे आणि मध्यावर तो सर्वांत जास्त आहे हे दिसते. त्रिकोणमितीत ज्याला साइन वक्र म्हणतात तोच हा वक्र आहे. म्हणूनच लाटेचा माथा कधी टोकदार नसतो आणि तिचा तळही टोकदार नसतो. पण निम्म्या शीटवर मला टोकदार माथे दिसतात, कारण फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वक्र रेघा काढायची पट्टी, शेवटच्या बिंदूपाशी उलटा ठेवला गेलेला असतो आणि आपण काढलेली रेघ पुढे कशावर टेकणार आहे, याची कल्पना काढणाऱ्याला नसते.

त्या दिवशी मी नातवाला त्याची घडण कार्डशीटवर उतरवून कापायला लावली. कापलेला कागद गुंडाळून त्याने चिकटवला आणि मी तो त्याच्याच शीटवरच्या प्लॅनच्या वर्तुळावर उभा ठेवायला सांगितले. वर्तुळाची रेघ नळीच्या बाहेर राहिली. फार नाही, पण डोळ्याला दिसेल इतकी. त्याने दोनदा उचलून पुन्हा ठेवून पाहिली, तरी रेघ बाहेरच. मग मी त्याला विचारले की घडणीची लांबी कशी घेतलीस. त्याने सांगितले, "वर्तुळावर बारा भाग केले, एका भागाचे अंतर डिव्हायडरने घेतले आणि ते बारा वेळा टाकले." हीच पद्धत वर्गात दाखवली होती, आणि अनेक ठिकाणी हीच दाखवली जाते.

डिव्हायडर जे अंतर घेतो ते जीवेचे असते, कंसाचे नसते. ६० मि.मी. व्यासाच्या वर्तुळाच्या बाराव्या भागाचा कंस सुमारे १५.७१ मि.मी. असतो आणि त्याची जीवा सुमारे १५.५३ मि.मी. असते. फरक केसाएवढा वाटतो, पण तो बारा वेळा टाकला की घडण १८८.५ ऐवजी सुमारे १८६.३ मि.मी. भरते, म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त आखूड. टक्क्यांत सांगायचे तर ही चूक एक टक्क्याहून थोडी जास्त आहे. शीट तपासताना ती कोणाच्याही नजरेस येत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकून राहते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती मला ठाऊक आहे. कारखान्यात लागलो तेव्हा ३०० मि.मी. व्यासाच्या गोल डक्टसाठी एक कोपर, म्हणजे डक्ट वळवणारा जोड, काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी फर्मा (पत्रा कापायचा नमुना) काढला तो याच रीतीने, आणि पत्रा कापला गेला. सरळ डक्ट आधीच हिशेबाने बनलेली होती. कोपर तिच्यात बसेना. बारा जीवांची बेरीज ९३१.७५ मि.मी. भरत होती आणि खरा परीघ ९४२.५ मि.मी. होता; जवळजवळ अकरा मिलिमीटर पत्रा कमी पडला होता आणि शिवणीसाठी सोडलेली पट्टी त्यात खर्ची पडली होती. पत्रा फुकट गेला. शेजारच्या बाकावर काम करणारे मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले होते. त्यांनी माझा फर्मा उचलला, सरळ डक्टवर गुंडाळून पाहिला आणि मला शांतपणे म्हणाले, "व्यासाला बावीसनं गुणा, सातनं भागा, मग जी लांबी येईल तिचे बारा भाग करा. भाग करून लांबी काढायची नाही, लांबी काढून भाग करायचे." चाळीस वर्षे होऊन गेली, तरी या विषयातले यापेक्षा चांगले वाक्य मला कोणी सांगितलेले नाही. पुढे शिल्पनिदेशक झाल्यावर प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात मी ते सांगत आलो.

आणि ते वाक्य किती जुन्या परंपरेतले आहे, हे मला नंतर कळले. भास्कराचार्यांनी लीलावतीत परिघाची दोन माने दिली आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की येते ते सूक्ष्म, आणि २२ ने गुणून ७ ने भागले की येते ते स्थूल. त्या स्थूल मानाला त्यांनी 'व्यवहारयोग्य' म्हटले आहे. ३०० मि.मी. व्यासाला हे स्थूल मान ९४२.८६ मि.मी. परीघ देते, म्हणजे चूक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, आणि तीही जास्तीच्या बाजूला. जीवांच्या रीतीने होणारी चूक याच्या सुमारे अठ्ठावीसपट आहे. बाराव्या शतकातल्या ग्रंथात व्यवहारासाठी सांगितलेले मान आमच्या वर्गातल्या डिव्हायडरपेक्षा इतके अचूक आहे, आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला ज्यांच्या नावाचा शिलालेख आहे त्या आचार्यांच्या प्रदेशातली मुले परीघ जीवांनी मोजतात, हे मला खटकते. सरळ रेषेचे बारा समान भाग करण्याची समांतर रेषांची रीत मुलांना शाळेपासून येत असते. परीघ हिशेबाने काढायचा आणि त्या रीतीने भाग करायचे, यात एक मिनिटही जास्त जात नाही.

या विषयाचा उगमही अशाच प्रत्यक्ष कामातल्या गरजेतून झालेला आहे. वर्णनात्मक भूमितीचा जनक मानला जाणारा गास्पार मोंज याचा जन्म १७४६ मध्ये फ्रान्समधल्या बोन या गावी, एका सामान्य व्यापाऱ्याच्या घरी झाला. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत अधिकाऱ्यांच्या वर्गात उच्च कुळातल्या मुलांनाच स्थान होते, म्हणून मोंजला जागा मिळाली ती आराखडे काढणाऱ्या आणि प्लास्टरचे नमुने बनवणाऱ्या कामगारांच्या विभागात. शत्रूच्या तोफांपासून आतला भाग सुरक्षित राहावा यासाठी किल्ल्याच्या तटाची उंची कुठे किती ठेवायची, याचा हिशेब तेव्हा लांबलचक आकडेमोडीने करत. मोंजने तो आकृतीने, प्रक्षेपांच्या साहाय्याने, इतक्या लवकर सोडवला की वरिष्ठ अधिकाऱ्याचा त्यावर विश्वास बसेना आणि सुरुवातीला त्याने तो तपासायलाही नकार दिला. पटल्यावर मात्र ती पद्धत लष्करी गुपित म्हणून जपली गेली. १७९५ मध्ये पॅरिसमध्ये मोंजने तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली, तेव्हा ती सर्वांना खुली झाली. ज्या हातांनी प्लास्टरचे नमुने केले, त्याच हातांतून दोन प्रतलांवरचे प्रक्षेप जन्माला आले. नमुना आणि रेखाचित्र हे या शास्त्रात पहिल्यापासून एकत्र नांदत आलेले आहेत, आणि आपण त्यांतला नमुना सोडून दिला आहे.

मोठ्या माणसांनाही नुसत्या कल्पनेवर विसंबून फसायला झाले आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ मध्ये छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात अनेक घनाकृतींच्या घडणी उलगडून दाखवल्या. कागदावर घडण मांडण्याच्या रीतीला त्या ग्रंथाने वळण दिले. पण त्याच ग्रंथात शंकूचा तिरका छेद त्याने एका टोकाला रुंद, अंड्यासारखा काढला. शंकू खाली रुंद होत जातो, तेव्हा छेदही खाली रुंद असणार, असा अंदाज सहज होतो. खरा छेद मात्र दोन्ही टोकांना सारखा, लंबवर्तुळच असतो. आमची मुलेही हाच अंदाज करतात, आणि वृत्तचितीच्या बाबतीतसुद्धा करतात. जाड मेणबत्तीभोवती कागद गुंडाळून, धारदार सुरीने ती तिरकी कापली, की मेणावर लंबवर्तुळ दिसते आणि कागद सोडला की त्याच्या कडेला लाट दिसते. दोन्ही एकाच कापातून, एकाच क्षणी. इतका स्वस्त आणि इतका पटणारा प्रयोग या विषयात दुसरा मला माहीत नाही.

घडण कापून पाहण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो फक्त पत्र्याच्या कामात उतरलेल्यालाच दिसतो. नातवाच्या प्रश्नात '१०० मि.मी. उंचीपैकी वरचा भाग काढून टाकला' असे लिहिले होते. पण प्रतल अक्षाला मध्यावर छेदत असेल तर १८८.५ बाय १०० च्या आयतावर ती लाट काढून कापल्यावर मिळणारे दोन तुकडे गुंडाळले की आकाराने अगदी एकसारखे असतात. दोन्ही गुंडाळायचे, एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून १८० अंशांत फिरवायचा, आणि काटकोनातला कोपर तयार होतो. एका कापात दोन तुकडे मिळतात आणि पत्र्याची कतरण शून्य. शिवाय एका तुकड्याची शिवण कोपराच्या आतल्या आखूड बाजूला येते आणि दुसऱ्याची बाहेरच्या लांब बाजूला, म्हणजे दोन शिवणी एका रेषेत येत नाहीत, आणि डक्टच्या कामात नेमके हेच हवे असते. माझ्या नातवाने तो फिरवलेला तुकडा जुळताना पाहिला, तेव्हा त्याने आपण होऊन विचारले की मग तीन तुकड्यांचा कोपर कसा काढायचा. शीटवर पूर्ण गुण मिळवूनही न सुचलेला प्रश्न त्याला अर्ध्या तासात सुचला. पाइप जाड असेल तर काय, हा प्रश्नही मग फार दूर राहत नाही. ६ मि.मी. जाडीची प्लेट वळवून बाहेरून ३०० मि.मी. व्यास हवा असेल, तर बाहेरचा व्यास धरून कापलेली प्लेट सुमारे १९ मि.मी. लांब होते, कारण अशा वेळी जाडीच्या मध्यावरचा २९४ मि.मी. व्यास धरायचा असतो.

शाळेत याचा पाया नाही असे कोणी म्हणू नये. दहावीच्या महत्त्वमापनात वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ २πrh आहे हे प्रत्येक जण शिकतो. त्या सूत्रातले २πr म्हणजे घडणीची लांबी आणि h म्हणजे तिची उंची, एवढे सांगितले की सूत्र आणि घडण एकच आहेत हे कळते. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला घनभूमिती असते, आणि चित्रकलेच्या सरांनी घेतलेल्या त्या जादा तासांना ज्यांनी वृत्तचितीचे प्लॅन-एलेव्हेशन काढले, ती मुले माझ्या वर्गात नेहमी दोन पावले पुढे असत. ग्रामीण भागातल्या आणि खासगी क्लासमध्ये न गेलेल्या मुलांनाही ही परीक्षा देता येते. तिचे गुण दहावीला मिळतात म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, पण तिच्यातली घनभूमिती पुढे कशी उपयोगी पडते, हे चित्रकला शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना जरूर सांगावे.

संगणकाबद्दल माझा आकस नाही. आज पत्र्याच्या कामाची सॉफ्टवेअर एका क्षणात घडण काढून देतात, वळणात पत्रा किती ताणला जाईल याचा हिशेब धरतात आणि ती घडण थेट कापणाऱ्या यंत्राकडे पाठवतात. हे चांगलेच आहे. माझ्या काळी असते तर माझा तो पत्रा वाचला असता. पण शिवण कुठे घ्यायची, ती किती सोडायची, जाडी कुठल्या बाजूची धरायची, हे सॉफ्टवेअरला सांगणारा माणूस लागतो, आणि पडद्यावर आलेली घडण बरोबर आहे की एखादा आकडा चुकीचा भरला गेला आहे, हे ओळखणारा डोळा लागतो. तो डोळा पडद्यावर वृत्तचिती फिरवून तयार होत नाही. पडद्यावरची वृत्तचिती कधी अपुरी पडत नाही आणि तिच्या कडांमध्ये कधी फट राहत नाही.

भाषेविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी मिळाली आहे, आणि पदविकेला तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची संख्या मोठी असते. 'प्रोजेक्शन' या शब्दाला प्रक्षेप हा शब्द आहे आणि त्यात क्षेप म्हणजे फेकणे आहे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून प्रतलावर रेषा फेकायच्या, हे तो शब्दच सांगतो. 'डेव्हलपमेंट'ला मी वर्गात नेहमी उलगडा म्हणत आलो, कारण पत्रा उलगडणे आणि कोडे उलगडणे ही दोन्ही कामे इथे एकदमच होतात. परीक्षेसाठी इंग्रजी शब्द हवेतच, कारखान्यातही तेच चालतात. मात्र पहिल्यांदा समजून देताना मुलाच्या कानावर असा शब्द पडावा की जो ऐकताच हाताने काय करायचे ते त्याला दिसेल.

माझे मागणे मोठे नाही. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही की नवे साहित्य आणावे लागत नाही. या सत्रात जे शिक्षक घडणीची शीट करून घेणार आहेत, त्यांनी परीघ हिशेबाने काढायला लावावा, आणि शीटबरोबरच तीच घडण कार्डशीटवर, शिवणीसाठी ५ मि.मी. पट्टी सोडून आणि जनकरेषांवर क्रमांक घालून, कापून घ्यावी. ती चिकटवायची नाही. शीटच्या मागे एक पाकीट डकवून त्यात सपाट ठेवायची, म्हणजे सबमिशनच्या गठ्ठ्यात ती चुरगळणार नाही. तपासताना परीक्षकाने ती बाहेर काढून बोटांनी गुंडाळावी आणि प्लॅनच्या वर्तुळावर उभी ठेवावी. रेघ बाहेर राहिली तर परीघ चुकला आहे. मग ती उलटी करून कापलेली कड टेबलावर टेकवावी. लाट बरोबर असेल तर कड सगळीकडून टेकते. माथा टोकदार झाला असेल किंवा बिंदू पट्टीने सरळ जोडले असतील तर खालून उजेड दिसतो. एका शीटला याला अर्धे मिनिट लागते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
सांगली